वाजवून घेतलेले शब्द : सातारा-सांगलीच्या बोलीतील नादवाचक शब्दांविषयी प्रस्तावना

भांडी, अवजारे, जनावरे, पाखरे, पाणी आणि यंत्रे यांच्यापासून निघणारे आवाज भाषेत धरून ठेवण्यासाठी मराठीने जे शब्द घडवले आहेत त्यांना व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांचेच ध्वनिदर्शक शब्द असे सोपे नाव रूढ आहे. कडकड, खळखळ, टपटप, भुणभुण ही त्यांची सर्वांच्या परिचयाची रूपे असून, एकच अक्षरसमूह दोनदा येऊन ती तयार होत असल्यामुळे त्यांची गणना अभ्यस्त, म्हणजे द्विरुक्तीने सिद्ध झालेल्या, शब्दांत होते. या शब्दांचा विचार आपल्याकडे जुना आहे. काक हे कावळ्याचे नाव त्याच्या ओरडण्यावरून पडले असे यास्काने निरुक्तात सांगितले, आणि नावे अशी अनुकरणातून येत नाहीत हे औपमन्यवाचे उलट मतही त्याने तेथेच नोंदवले. पाणिनीने या प्रकाराला अव्यक्तानुकरण अशी नेमकी संज्ञा दिली. ज्या ध्वनीत सुटी अक्षरे ओळखू येत नाहीत तो अव्यक्त, आणि त्याची अक्षरांनी केलेली नक्कल ते अव्यक्तानुकरण. पुढे मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि नंतर १८५७ च्या वाढवलेल्या आवृत्तीत आपल्या मराठी-इंग्रजी कोशात असे शब्द अनुकरणात्मक म्हणून वेगळे दाखवले, तर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने, ज्याचे खंड १९३२ पासून निघू लागले, अशा शब्दांपुढे चौकटी कंसात ‘ध्व.’ ही खूण केली.

कोशकारांनी केलेले हे काम मोठे आहे, पण ‘ध्व.’ ही दोन अक्षरे लिहून झाली की कोशाची चौकशी तेथेच थांबते. संस्कृत किंवा फारसी मुळाच्या शब्दाचा माग कोश पिढ्यान्‌पिढ्या मागे नेतो. ध्वनिशब्दाच्या बाबतीत मात्र तो आवाज कोणत्या वस्तूचा, तो ऐकत कोण होते आणि ऐकून काय ठरवत होते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. हे शब्द भाषेची सजावट आहेत, कवीला नाद साधण्यासाठी आणि आजीला गोष्ट रंगवण्यासाठी उपयोगी पडणारी खेळणी आहेत, असा समज त्यामागे असतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याच्या उलट आहे. कानाने पारख करणाऱ्या माणसांनी हे शब्द मापे म्हणून घडवले, आणि शेर, पायली, गुंठा यांच्याइतकीच ती व्यवहाराची होती, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बोलीवरून दाखवता येते.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण असे की १९४९ पर्यंत त्यांचा बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरपासून जतपर्यंतच्या या पट्ट्यात घाटमाथा, कृष्णा-वारणेकाठची काळी जमीन आणि माणदेशाचे माळरान हे तिन्ही प्रदेश येतात, त्यामुळे एकाच बोलीचा कान तीन वेगवेगळ्या भूमींवर कसा घडला हे येथे जवळून पाहता येते.

सुरुवात हळदीपासून करणे योग्य, कारण सांगलीची ओळखच तिच्याशी जोडलेली आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याचे जमिनीतील खोल खड्डे, त्याच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहेत. शेतातून काढलेली हळद काहिलीत शिजवून दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, आणि ती पुरती वाळली की नाही हे ठरवताना शेतकरी हळकुंड हातात घेऊन मोडतो. ओलावा राहिलेले हळकुंड वाकते आणि दबक्या आवाजात तुटते. पुरते वाळलेले हळकुंड धातूचा तुकडा मोडावा तसे खणकन वाजते. हा खणकन शब्द येथे वर्णनासाठी आलेला नाही, कारण त्याच्यावर माल पेवात जाणार की पुन्हा खळ्यावर पसरला जाणार हे अवलंबून असते. गुऱ्हाळावर गुळव्या हेच करतो. चुलवाणावरच्या काहिलीत रस आटत आला की तो थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्यावर टाकून ऐकतो. टण्ण असा आवाज आला की काहील उतरवायची, आणि मऊ आवाज आला तर जाळ चालू ठेवायचा. या एका क्षणाच्या ऐकण्यावर ढेप कडक बसणार की पाघळणार हे ठरते. वाळवलेल्या ज्वारीचा दाणा दाताखाली धरून कट्‌कन फुटतो का हे पाहण्याची रीत याच जातीची आहे.

कलिंगडाचा न्याय मात्र उलटा. हातावर घेऊन टिचकी मारली असता टणटण वाजते ते कच्चे, आणि बदबद वाजते ते पिकलेले. हळदीत जो नाद गुणाचा तोच कलिंगडात दोषाचा, याचा अर्थ असा की ध्वनिशब्दाला स्वतःची चांगली-वाईट अशी किंमत नसते. ती त्या वस्तूशी असलेल्या ओळखीतून येते, आणि वस्तू न सांगता शब्दाची नुसती नोंद केली तर अर्धे ज्ञान बाहेर राहते.

हा मुद्दा ठणठणीत या एका शब्दावरून सर्वांत स्पष्ट होतो. आठवडी बाजारात माठ घेताना गिऱ्हाईक तो एका हाताने उचलून धरते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने पोटावर टिचकी मारते. भाजणी नीट झालेली असेल आणि कोठे तडा नसेल तर कंपने साऱ्या अंगभर पसरतात आणि माठ ठण्ण असा लांबत जाणारा नाद देतो. केसाएवढी चीर असली तरी तिच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपने विझतात आणि आवाज बद्द येतो. बद्द हा शब्द शहरी लेखनातून जवळजवळ गेला असला तरी चिरलेले भांडे, खोटा रुपया आणि सैल चामड्याचे वाद्य या तिन्हींसाठी तो बोलीत होता आणि काही ठिकाणी आजही आहे. चांदीचे नाणे दगडावर आपटून ‘वाजवून घेण्याची’ पद्धत नाण्याबरोबर संपली, तरी खणखणीत बोलणे आणि खणखणीत पुरावा हे प्रयोग तिच्यातूनच आलेले आहेत. आजारातून उठलेला माणूस ठणठणीत बरा झाला असे म्हणताना बोलणारा नकळत त्याला टिचकी मारून पाहिलेल्या, तडा न गेलेल्या माठाच्या रांगेत बसवतो. पण माण, आटपाडी, जत या तालुक्यांत हाच शब्द उन्हाळ्यात दुसऱ्या अर्थाने ऐकू येतो : तलाव कोरडा ठणठणीत पडला, आडात ठणठणाट आहे. माठ अखंड असेल तर वाजतो हे जितके खरे तितकेच तो रिकामा असेल तर वाजतो हेही खरे, कारण भरलेले भांडे नाद देत नाही. एकाच आवाजाच्या या दोन बाजू धरून भाषेने निरोगीपणा आणि दुष्काळ या दोन टोकांना एकच शब्द लावला, आणि बोलणाऱ्यांचा त्यात कधी घोटाळा होत नाही. डब्याच्या तळाशी उरलेल्या चार दाण्यांचा खडखडाट वर्तमानपत्रांत तिजोरीच्या खडखडाटापर्यंत पोहोचला तोही याच वाटेने.

या शब्दांची घडण स्वैर नाही. क-वर्गातील पहिली चार व्यंजने घेऊन त्यांना ‘ड’ जोडला तर कडकड, खडखड, गडगड, घडघड अशी पायरी लागते. सुकी काटकी मोडताना आणि वीज कोसळताना कडकड. रिकामी बैलगाडी खडीवरून जाताना, म्हणजे सैल भाग एकमेकांवर आदळताना, खडखड. मोठा धोंडा उतारावरून घरंगळताना किंवा ढग आतल्या आत लोळताना गडगड. आणि जड चाकांचा घडघडाट. कठोर व्यंजनाकडून मृदू व्यंजनाकडे जावे तसा आवाज तुटक आणि कोरडा होता तो गोल आणि भरीव होतो, आणि ‘ह’ची फुंकर मिसळलेल्या महाप्राण व्यंजनात पोकळपणा किंवा वजन येते. ‘र’ लावून पाहिले तर हीच पायरी पुन्हा दिसते : नव्या वहाणेची करकर, घशातली खरखर, भोवऱ्याचे गरगर आणि जात्याची घरघर. यांतील गरगर या शब्दातून आवाज आता पूर्ण निघून गेला आहे आणि नुसती फिरण्याची गती उरली आहे; घरघर मात्र जात्यावरून मरणाऱ्या माणसाच्या घशात आली आणि तेथून ‘कारखान्याला घरघर लागली’ या बातमीच्या मथळ्यापर्यंत गेली. स्वरांचेही असेच आहे. मोठ्या धातूच्या वस्तूचे ते खणखण, बारीक घंट्यांचे ते किणकिण, आणि बंद वस्तूच्या पोटात काही हलते ते खुळखुळ. इकारात लहानपण ऐकू येते ही गोष्ट केवळ मराठीची नाही. एडवर्ड सापिर या भाषाशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये अर्थहीन शब्द ऐकवून केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्यांनाही ‘मिल’पेक्षा ‘माल’ मोठे वाटल्याचे दिसून आले.

प्रत्ययांनी या कच्च्या ध्वनीवर काळाचे माप चढते. एकदाच घडलेल्या गोष्टीला ‘कन’ किंवा ‘दिशी’ लागतो : टपकन पडले, धाडदिशी दार लावले. अखंड चालणाऱ्या गोष्टीला शुद्ध द्विरुक्ती पुरते : टपटप गळते. मध्ये ‘आ’ घातला की तीच क्रिया जोराची, घाईची आणि संख्येने पुष्कळ होते : चिंचा टपाटपा पडल्या, पाणी बदाबदा ओतले. या भागाच्या बोलण्यात ‘दिशी’चा वापर पुण्याकडच्या लेखी मराठीपेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि एखाद्या घटनेचे वर्णन करताना येथील माणूस खाटदिशी, पटदिशी, गपदिशी अशी साखळी लावतो तेव्हा तो प्रत्येक क्रियेचा आरंभ, शेवट आणि जोर सांगत असतो. लेखी मराठीने याला गावंढळपणा मानून आपले नुकसान करून घेतले आहे, कारण ‘अचानक’ या एका शब्दात हे तिन्ही तपशील मावत नाहीत.

पावसाच्या शब्दांतून भूगोल सरळ बोलतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरांच्या आसपास राहतो. घाटमाथ्यावर पाऊस ही सवयीची गोष्ट असल्यामुळे तेथे त्याच्या चालण्याचे शब्द लागतात : दिवसचे दिवस चालणारी रिपरिप, कंटाळा आणणारी पिरपिर, धुक्यातून उतरणारी झिमझिम, आणि मग धो धो. ठोसेघरसारख्या ठिकाणी जे कोसळते त्याचे धबधबा हे नावसुद्धा मुळात आवाजच आहे. माणदेशात पावसाचे चालणे ऐकण्याचा प्रसंग थोडा. तेथे त्याच्या येण्याचे आणि न येण्याचे शब्द महत्त्वाचे ठरतात. वळवाच्या सरीचा सडसडा, पत्र्यावर ताडताड आदळणाऱ्या गारा, आणि दिवसभर वाजून शेवटी काहीच न देणारा गडगडाट. गर्जेल तो पडेल काय ही म्हण महाबळेश्वरला उपदेश म्हणून सांगता येईल. म्हसवडकडे ती हवामानाची नोंद आहे.

पाटण आणि कराडकडच्या लोकांच्या कानाला १९६७ सालापासून आणखी एक ध्वनी चिकटला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि त्यानंतरही त्या खोऱ्यात लहान धक्के बसत राहिले. अशा धक्क्यात जमीन हलल्याचे पायांना कळण्याआधी फळीवर एकावर एक रचलेली भांडी किणकिणतात. स्वयंपाकघराची मांडणी तेथे भूकंपमापकाचे काम करते, आणि नुसते ‘भांडी वाजली’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला पुरते.

प्राण्यांच्या आवाजांबाबत शालेय याद्यांनी मोठा अन्याय केला आहे. परीक्षेसाठी पाठ करावयाच्या यादीत एका प्राण्याला एकच शब्द दिलेला असतो : हंसाचा कलरव, सिंहाची गर्जना, हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, माकडाचा भुभुःकार. यांतील बहुतेक शब्द संस्कृत काव्यातून आलेले आहेत आणि खटाव किंवा कवठेमहांकाळच्या मुलाने हंस आणि सिंह ऐकण्याची शक्यता फार थोडी. उलट त्याच्या दारातल्या कुत्र्याला यादीने फक्त भुंकायला लावले आहे, जरी तो परका दिसला की भुंकतो, भाकरीजवळ दुसरा आला की गुरगुरतो, दगड लागला की केकाटतो, रात्री गळा काढतो आणि धन्याच्या पायाशी कुईकुई करतो हे त्या मुलाला ठाऊक असते. गाय वासरासाठी हंबरते, म्हैस रेकते, आणि वळू डुरकतो. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंड पाहणाऱ्याला डुरकी आणि हंबरणे यांत गल्लत परवडणारी नाही. अंड्यांवर बसू पाहणारी कोंबडी घशातून जो दबका आवाज सतत काढते त्यावरून तिला खुडूक म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की घरधनीण तिच्याखाली अंडी ठेवण्याच्या तयारीला लागते. यांतले अनेक शब्द यादीत येत नाहीत. आटपाडी तालुक्यातील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्यांवर लिहिलेल्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; जनावराकडे उपमा शोधण्यासाठी न बघता त्याच्याच जगण्यासाठी बघण्याची ही दृष्टी या माळाने मराठीला दिलेली आहे, आणि शालेय पुस्तकांनी ती अजून घेतलेली नाही.

माणूस जनावराशी ज्या शब्दांत बोलतो तेही याच कुळातले. कुत्र्याला बोलावताना यू यू, अंगावर सोडताना छू, हाकलताना हाड. आणि मांजराला घालवताना शुक शुक. याच ‘शुक’सारखा घाट असलेला शुकशुकाट हा शब्द मराठीतील एक नवल आहे. कडकडाट, गडगडाट, किलबिलाट हे सारे ‘आट’ लागलेले शब्द गोंगाटाचे असताना, त्याच साच्यात घातलेला हा एक शब्द आवाजाच्या अभावाचा आहे. बाजार उठून गेल्यावर जे उरते त्यालाही या भाषेने एक आवाज मानले.

असे असताना एक प्रश्न टाळता येत नाही : हे शब्द जर निसर्गाची नक्कल असतील तर ते सर्व भाषांत सारखे का नाहीत? मराठी कोंबडा कुकूचकू करतो, फ्रेंच कोंबडा कोकोरिको आणि जपानी कोंबडा कोकेकोक्को. फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये निघालेल्या, व्याख्यानग्रंथात याचे उत्तर असे दिले आहे की अनुकरणही शेवटी त्या त्या भाषेच्या संकेतांतूनच होते. पावशा या पक्ष्याचे उदाहरण त्याला चांगले जुळते. वळवानंतर त्याची चढत जाणारी तीन स्वरांची हाक इंग्रजांना मेंदूज्वराचे नाव घेतल्यासारखी वाटली, हिंदी मुलखात ती विरहिणीचा ‘पी कहाँ’ हा प्रश्न झाली, आणि मृगाकडे डोळे लावून बसलेल्या मराठी शेतकऱ्याला तीच हाक ‘पेरते व्हा’ अशी आज्ञा म्हणून ऐकू आली. पाखरू एकच आहे. ऐकणाऱ्याची निकड वेगळी आहे.

तरीही भारतीय भाषांपुरते पाहिले तर हे संकेत भाषाकुळांच्या भिंती ओलांडतात. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हा एकच भाषिक प्रदेश आहे असे मांडले आणि १९६९ मध्ये द्विरुक्त ध्वनिशब्द हे आर्य आणि द्राविड कुळांना जोडणारे लक्षण असल्याचे स्वतंत्र लेखात दाखवले. सांगली जिल्ह्यात यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज पडत नाही. जत तालुक्याच्या पूर्वेकडील अनेक गावांत कन्नड बोलली जाते. तेथे पटपट हा शब्द दोन्ही भाषांत त्याच घाईने चालतो आणि मराठीत जखम चुरचुरते तशी कन्नडमध्ये ती चुरुचुरु होते. कधी रूप एक राहून अर्थ सरकतो : मराठीत ढग गडगडतात, कन्नडमध्ये थंडीने किंवा भीतीने माणूस गडगड कापतो. जपानी भाषेने तर आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना गिसेइगो आणि स्थितीची नक्कल करणाऱ्यांना गिताइगो अशा दोन संज्ञाच केल्या आहेत. मराठीला दुसऱ्या प्रकारासाठी संज्ञा नाही, पण शब्द विपुल आहेत. लखलख उजेडाची, घमघम वासाची, झणझण तिखटाची, लुसलुस स्पर्शाची. यांपैकी एकही कानाला ऐकू येत नाही आणि तरी सारे ध्वनिशब्दांच्याच मापाने शिवलेले आहेत. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते आणि त्यानंतर पिठले रटरटते इथपर्यंत कान असतो. त्या पिठल्याला झणझणीत म्हणताना जीभ कानाचा शब्द उसना घेते.

ऐकण्याची ही बारकाई कारागिरीत कोठवर जाते ते मिरजेला दिसते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली, पुढे त्या कामातून सतारमेकर हे आडनावच रूढ झाले, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. पण तंबोऱ्याचा प्राण असतो घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या छोट्या पुलावर. तिचा माथा अगदी किंचित उतरता घासावा लागतो, म्हणजे कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि एका स्वरातून अनेक सूक्ष्म स्वर फुटतात. या क्रियेला जवारी काढणे म्हणतात. तारेखाली सरकवलेला सुती धागा केसभर पुढेमागे झाला तरी नाद मिटतो किंवा उमलतो. हे मोजायला पट्टी उपयोगाची नाही. कारागीर घासतो, छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. माठाला टिचकी मारणाऱ्या बोटाचे आणि या बोटाचे काम एकाच जातीचे आहे. याच परिसरात अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निधन होईपर्यंत गायले, आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींची गणिती मांडणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रुती म्हणजे कानाला वेगळे ओळखू येईल असे स्वरांमधील सर्वांत लहान अंतर. देवलांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण ऐकणे हे मोजणे आहे हा त्यांचा आग्रह या विषयाच्या गाभ्याचा आहे. गावच्या जत्रेत हलगीवालाही वाजवण्याआधी काडीकचऱ्याच्या जाळावर हलगी शेकून चामडे ताणून घेतो, आणि बद्द बोलणारी हलगी कडाडू लागेपर्यंत घुमके आणि कैताळ ही साथीची वाद्ये वाट पाहतात.

विसाव्या शतकाने या परिसराचा आवाजच बदलला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथून लोखंडी नांगर, उसाचे चरक आणि कडबा कापण्याची यंत्रे गावोगाव गेली. मोटेच्या काळी पहाटे विहिरीवर चाकाची करकर, धावेवरून उतरणाऱ्या बैलांच्या घुंगरमाळा आणि थारोळ्यात पालथ्या होणाऱ्या मोटेचा धबाका असे तीन आवाज एकामागून एक येत. त्यांचा क्रम चुकला तर घरात बसलेल्याला नाडा तुटल्याचे कळे. इंजिन आले तेव्हा हे तिन्ही जाऊन एकच भकभक राहिली, आणि विजेची मोटार आल्यावर तीही दबक्या घूंऽऽमध्ये विरली. मात्र भाषा येथे थांबली नाही. मोटारसायकलला तिने फटफटी केले आणि कारखान्याच्या पाळीच्या शिट्टीला भोंगा. ही दोन्ही नावे काकाइतक्याच सरळ अनुकरणाची आहेत. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा होतो आणि पुढचा दीड तास मुलांच्या अभ्यासासाठी घराघरांतील दूरदर्शनसंच आणि मोबाइल बंद ठेवले जातात, तेव्हा कारखान्याची वेळ सांगणारा हा शब्द एका नव्या कामाला लागलेला दिसतो.

वस्तू गेली की तिचा ध्वनिशब्द एकदम मरत नाही. तो वस्तूपासून सुटून काही काळ हवेत राहतो आणि मग एखाद्या वाक्प्रचारात जाऊन बसतो किंवा विसरला जातो. घरघर वाचली, कारण तिला आजार आणि आर्थिक संकट ही नवी घरे मिळाली. बद्दला तसे घर मिळाले नाही. म्हणून या शब्दांची नोंद अकारविल्हे करण्याऐवजी वस्तूवार करणे आवश्यक आहे : माठाखाली ठण्ण, बद्द आणि बुडबुड एकत्र यावेत, हळदीखाली खणकन यावा, आणि प्रत्येक शब्दासोबत तो आवाज कोण, केव्हा आणि काय ठरवण्यासाठी ऐकत असे हे लिहिले जावे. विचारताना ‘याला काय म्हणतात’ असे न विचारता ती वस्तू हातात देऊन वाजवायला सांगावे. माठ पुढे ठेवला की सत्तरीच्या बाईचे बोट आधी टिचकीकडे जाते आणि शब्द त्याच्या मागून येतो.

या पद्धतीने विचारले असता शब्द नसलेले आवाजही हाती लागतात, आणि ते सोडून देऊ नयेत. नळाखाली किंवा टँकरच्या पाइपाखाली हंडा लावला की पाण्याचा आवाज प्रथम खोल आणि भरड असतो. पाणी चढते तसा आतल्या हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आवाज बारीक होत वर सरकतो. रांगेतली बाई शेजारणीशी बोलत पाठमोरी उभी असते, आणि तो आवाज गळ्याशी आला की वळून न पाहता हात मागे नेऊन हंडा बाजूला ओढते व रिकामी घागर पुढे सरकवते.